मागचं काळं करून द्या

जळगावच्या पिंप्राळ्यात माझं गाड्या नटवायचं दुकान आहे. सीटकव्हर, स्टिअरिंगची गवसणी, डॅशबोर्डवर मान हलवणारा कुत्रा, गाडी मागे घेताना गाणं म्हणणारा हॉर्न, असं सगळं मी विकतो. एकच गोष्ट विकत नाही. मागच्या दिव्यांवर चिकटवायची काळी फिल्म. एखादं गिऱ्हाईक येऊन "मागचं काळं करून द्या" म्हणालं, की माझी बायको गल्ल्यावरून मान वर न करता सांगते, "त्यांनी ते सोडलं." जणू मी दारूच सोडली आहे. गिऱ्हाईक माझ्याकडे जरा आदराने बघतं आणि दोन दुकानं सोडून पलीकडे जातं.

सोडलं ते का, हे विचारलं की मी विषय बदलतो. आता लिहायलाच बसलोय तर सांगून टाकतो. पण आधी धंद्याची बाजू मांडतो, म्हणजे माझा गुन्हा तेवढाच हलका वाटेल.

पूर्वी गाडीचा मागचा दिवा बशीएवढा असायचा. लाल दिसला की समजायचं गाडी थांबतेय, पिवळा लुकलुकला की वळतेय, पांढरा लागला की पळा, ती मागे येतेय. शाळेचं तोंड न बघितलेल्या माणसालाही ते वाचता यायचं. आताच्या गाड्या काढणाऱ्यांना दिव्याची लाज वाटायला लागली आहे. दिवा म्हणजे एक बारीक रेघ. वळायचा दिवा तर कित्येक गाड्यांना खाली बंपरमध्ये नेऊन लपवलाय. मागच्या बसच्या ड्रायव्हरला तो बघायचा असेल तर त्याने उतरून उकिडवं बसावं. कागदावर चित्र फार सुरेख दिसत असणार, पण ते चित्र काढणारा माणूस एरंडोल-पारोळा रस्त्यावर संध्याकाळी कधी आला नसावा.

आणि आमचे चालवणारे तरी कोण लागून गेलेत? चौकात सरळ जायचं असलं की चारही इंडिकेटर लावतात. डावा नाही, उजवा नाही, म्हणजे दोन्ही. मोटारसायकलवाला एरंडोलला डावा दिवा लावतो तो धुळं येईपर्यंत विझवत नाही. यावलकडून केळी भरून येणाऱ्या ट्रकचे दिवे केळीच्या पाल्याखाली झोपलेले असतात. ट्रॉलीला दिवा नसतोच, तिथे कुठल्यातरी लग्नाची जुनी सीडी टांगलेली असते. अशा या रस्त्यावर ज्या थोड्या गाड्यांचे दिवे धड होते, ते मी गरम हवा मारमारून काळे करत होतो.

हे नियमात बसत नाही, हे मला माहीत होतं. नियमात न बसणारी वस्तूच जास्त खपते, हेही माहीत होतं. तरुण पोरं यायची, काळ्या काचेचा चष्मा डोळ्यांवरून कपाळावर सरकवायची आणि म्हणायची, भाऊ, गाडी जरा रागीट दिसली पाहिजे. मी ती रागीट करून द्यायचो. फिल्म ताणून, कोपऱ्यात मुडपून, एकही बुडबुडा राहू न देता बसवणं हे येरागबाळ्याचं काम नाही, आणि माझा हात त्यात असा बसला होता की लोक धुळ्याहून यायचे. माझी स्वतःची गाडीही मी काळी केली होती. हलवाई आपली जिलबी खात नाही म्हणतात. मी मात्र खात होतो, आणि चारचौघांत मिटक्या मारून.

आता अक्का. अक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. पारोळ्याकडून धुळ्याला जाताना वाटेत एका खेड्यात तिचं सासर. आमचं माहेरचं गाव तिथून पारोळ्याच्या अंगाला दहा-बारा किलोमीटरवर. तिथे आमचा सगळ्यांत मोठा भाऊ राहतो. त्याला आम्ही नुसतं भाऊ म्हणतो, आणि तो म्हणेल ती पूर्व दिशा, असं गेली चाळीस वर्षं चाललंय.

अक्का खापरावरचे मांडे करते. पीठ हातावर झेलत झेलत पुरणाची पोळी कोपरापर्यंत वाढवायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकायची, हे आमच्या बाजूचं काम. करणाऱ्या बायका आता बोटावर मोजण्याइतक्या. भाऊजी गेले, मुलगा नोकरीला धुळ्यात, तेव्हा घरात बसून भिंतींशी बोलण्यापेक्षा अक्काने चौपन्नाव्या वर्षी स्कूटर शिकून घेतली. मोरपंखी रंगाची. पायाशी गोधडीत गुंडाळलेलं खापर, डोक्यावरून पदर, पदरावर हेल्मेट, आणि अक्का निघाली गावोगाव मांडे करायला. लग्न असो, पाहुणे असोत, आखाजी म्हणजे आमची अक्षय तृतीया असो, ती आल्याशिवाय चूल पेटायची नाही. स्कूटर हे तिचं वाहन नव्हतं फक्त. दुसऱ्याच्या दारात न विचारता जाण्याची आणि न विचारता निघून येण्याची ती सोय होती. बाई साठीला आली की ही सोय तिला कुणी आपणहून देत नाही.

तिच्या स्कूटरला इंडिकेटर होते, पण तिचा त्यांच्यावर भरवसा नव्हता. वळायच्या आधी ती आख्खी मान मागे फिरवून बघायची आणि हात असा सरळ लांब काढायची की बांगड्या कोपरापर्यंत घरंगळायच्या. मी तिला फार चिडवायचो. अक्का, तुझ्या हाताला उद्या कावळा येऊन बसेल, असं म्हणायचो. ती म्हणायची, बसला तर बसू दे, त्याला निदान हात दिसला म्हणायचा.

त्या दिवशी, आखाजीला तीनेक आठवडे असताना, मी धुळ्याहून माल घेऊन येत होतो. भाऊकडे पाहुणे येणार होते म्हणून मलाही बोलावणं होतं आणि मांड्यांसाठी अक्कालाही. तिच्या गावाच्या फाट्यावर आमची गाठ पडली. ऊन कलतीला लागलं होतं. मीच तिला म्हणालो, अक्का, मी पुढे होतो, तू माझ्या मागे मागे ये, म्हणजे तुला कुणी दाबणार नाही. हे मीच म्हणालो, हे पुढे मला फार आठवत राहिलं.

आमच्या गावाचा फाटा आला. मी डावा इंडिकेटर दिला, ब्रेक दाबला आणि वळायला लागलो, तेवढ्यात मागून धाडकन आवाज आला.

अक्का वाचली. गुडघा आणि कोपर खरचटलं, स्कूटरचं पुढचं मडगार्ड फाटलं, माझ्या बंपरला पोचा आला आणि डाव्या दिव्याच्या कोपऱ्यावरची फिल्म ओरबाडून निघाली. खापराचे मात्र तुकडे झाले. अठरा वर्षं चुलीवर भाजून भाजून तयार झालेलं खापर. अक्का रस्त्याच्या कडेला बसून ते तुकडे एकेक करून पदरात गोळा करत होती, जणू कुणी ते पुन्हा जोडून देणार होतं. मी तिच्याजवळ जाऊन पहिलं वाक्य काय बोललो? लागलं का, असं नाही विचारलं. मी म्हणालो, "अक्का, मी इंडिकेटर दिन्हा व्हता."

तिने माझ्याकडे पाहिलं. "माले दिखस," ती म्हणाली. "दिवा लागनाच नही."

तिचं एवढंच म्हणणं. आपल्याला दिसतं, दिवाच लागला नाही.

पण गावातल्या लोकांना यायला वेळ लागत नाही आणि निकाल द्यायला त्याहून नाही. मी छातीवर हात ठेवून सांगितलं की मी इंडिकेटर दिला होता, आणि ते शंभर टक्के खरं होतं. मी गाडीतलाच माणूस, दिव्यांचाच धंदा, माझ्या दिव्यात खोट कशी असेल? भाऊने एका वाक्यात प्रकरण मिटवलं. "अक्काना डोया गयात." अक्काचे डोळे गेले. खापर फुटलं ते फुटलं, वर तिच्याच माथी फुटलं.

संध्याकाळी माझा भाचा, म्हणजे अक्काचा मुलगा, धुळ्याहून आला. स्कूटर भाऊच्या अंगणात ताडपत्रीखाली ठेवली गेली आणि तिची किल्ली भाच्याच्या खिशात गेली. आई, बस झालं आता, असं तो अगदी मायेने म्हणाला. मायेने म्हटलेल्या गोष्टीला उत्तर देता येत नाही. नंतर तो तिला धुळ्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडेही घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, चष्म्याचा नंबर थोडा बदललाय, बाकी डोळे उत्तम, खुशाल गाडी चालवा. हे भाऊला कळलं तेव्हा त्याने डॉक्टरलाच नापास केलं. भिंतीवरची अक्षरं वाचता आली म्हणून काय झालं, रस्त्यावर काय अक्षरं लिहिलेली असतात का, असं तो म्हणाला. मीही मान डोलावली. तोपर्यंत माझा स्वतःवर पक्का विश्वास होता, हे मला इथे सांगितलं पाहिजे.

तो विश्वास आणखी दोनच दिवस टिकला. दुकानासमोर गाडी मागे घेत होतो, संध्याकाळची वेळ, ऊन थेट गाडीच्या पाठीवर. मागे रिक्षा येतेय का बघायला बायकोला उभं केलं होतं. ती म्हणाली, अहो, इंडिकेटर तरी लावा, रिक्षावाल्याला कसं कळणार? मी म्हणालो, लावलाय. ती म्हणाली, नाही लावला. मी म्हणालो, अगं टिकटिक ऐकू येतेय मला. ती म्हणाली, तुम्हाला ऐकू येत असेल, मागच्याने काय कान लावून गाडी चालवायची? मी उतरलो आणि मागे जाऊन बघितलं. डावा दिवा इमानदारीने उघडझाप करत होता. पण त्या काळ्या कागदावर ऊन असं चकाकत होतं की आत काही चाललंय हे शपथ घेऊन सांगितलं तरी खरं वाटलं नसतं. फक्त फिल्म निघालेल्या कोपऱ्यात, करंगळीच्या नखाएवढ्या जागेत, पिवळं काहीतरी लुकलुकत होतं.

बायकोने वाकून त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. म्हणाली, "अक्कांना फोन लावा."

मी म्हणालो, लावतो.

लावला नाही. त्याऐवजी त्याच रात्री हीट गन घेऊन स्वतःच्या गाडीची सगळी फिल्म सोलून काढली. दिवे पुसून लख्ख केले. चोर जसा पाऊलखुणा पुसतो तसा मी त्या दिव्यांवरचा गोंदसुद्धा रॉकेलच्या बोळ्याने पुसला. आता कुणी येऊन बघितलं असतं तर माझी गाडी आख्ख्या जिल्ह्यात सगळ्यांत सज्जन दिसली असती.

तुम्ही म्हणाल, सांगायला काय जात होतं? मी सांगतो काय जात होतं. आखाजी जवळ आली होती. साडेतीन मुहूर्तांतला एक मुहूर्त, त्यामुळे नवीन गाड्यांची रांग. पूजा झाली, चाकाखाली लिंबू फुटलं, की गाडी सरळ माझ्या दारात. कपाळावर कुंकवाचं स्वस्तिक आणि मागे काळं, अशी मागणी. अशा वेळी मी गावभर कसं सांगू की माझ्या काळ्या फिल्मने माझ्याच बहिणीला पाडलं? हे एक कारण झालं. दुसरं जास्त खरं होतं. भाऊसमोर, भाच्यासमोर, छातीवर ठेवलेला हात खाली घ्यायचा होता, आणि तो हात माझा फार जड झाला होता. आज सांगू, उद्या सांगू करत मी तीन आठवडे काढले. त्या तीन आठवड्यांत किती गाड्या काळ्या केल्या ते विचारू नका. माझी बायको त्या काळात मला जेवायला वाढायची, पण लोणचं वाढायची नाही. लोणचं संपलंय का विचारलं तर म्हणायची, आहे की, दिसत नाही का?

तिकडे अक्काला मांड्यांची बोलावणी येत होती आणि भाचा फोनवर परस्पर सांगत होता की आईला आता जमत नाही. तिथले मांडे दुसऱ्या बायकांनी केले. तव्यावर केले. लोकांनी खाल्लेही. अक्काला कुणीतरी सांगितलं की अक्का, तुझ्यावाचून काही अडलं नाही, आणि सांगणाऱ्याला वाटलं आपण तिला धीरच दिला.

आखाजीला मुली माहेरी येतात. आमच्याकडे दिवाळीपेक्षा आखाजी मोठी. झोके बांधतात, बायका गाणी म्हणतात, आणि पुरुष लिंबाखाली घोंगडी टाकून दिवसभर पत्ते कुटतात, त्या दिवशी त्यांना कुणी बोलत नाही. अक्का दरवर्षी स्वतःच्या स्कूटरवर यायची, गावात शिरताना हॉर्न वाजवायची. यंदा भाच्याने तिला गाडीतून आणलं. मागच्या सीटवर, शेजारी कुंभाराकडून आणलेलं नवं खापर आणि सांजोऱ्यांचा डबा. भाच्याने दार उघडून तिला हात धरून उतरवलं. मी लांबूनच पाहिलं आणि विनाकारण चपलेचा अंगठा नीट करत बसलो. तिने झोक्यावर बसायला नकार दिला. ताडपत्रीखालच्या स्कूटरकडे तिने एकदाही बघितलं नाही.

दुपारी पत्त्यांचा डाव रंगात आला असताना भाऊने पान टाकता टाकता सांगितलं की स्कूटरला गिऱ्हाईक मिळालंय. शेजारच्या गावचे एक मास्तर उद्या सकाळी बघायला येणार होते. भाचा म्हणाला, बरं झालं, पडून गंजण्यापेक्षा. अक्का ओसरीवर बसून कैऱ्या चिरत होती. तिचा विळीवरचा हात थांबला नाही, पण कैरीची फोड जरा जाड निघाली.

आता बोलायलाच हवं होतं. आणि मी बोललो नाही. माझ्या भित्र्या डोक्यात त्याहून भारी युक्ती आली. मी ठरवलं, आपण तोंड उघडायचं नाही, यांनाच कळू द्यायचं.

डिकीत फिल्मचा तुकडा होताच. मी गाडी अंगणात उन्हाकडे पाठ करून लावली आणि डाव्या दिव्यावर गुपचूप फिल्म चढवली. उजवा तसाच ठेवला. मग पत्तेवाल्यांना म्हणालो, चला, नवीन जुगार. मी आत बसून इंडिकेटर लावणार, तुम्ही इथूनच ओळखायचं, डावा की उजवा. जो हरेल त्याने सगळ्यांना उसाचा रस पाजायचा. आखाजीच्या दिवशी आमची माणसं चिमणी डाव्या फांदीवर बसेल की उजव्या यावरही पैज लावतात. सगळे तयार झाले. भाऊ, भाचा, शेजारचे तीन म्हातारे, सगळे घोंगडीवर मांडी ठोकून बसले.

उजवा लावला. सगळे एका सुरात म्हणाले, उजवा. पुन्हा उजवा, पुन्हा बरोबर. मग मी डावा लावला. अरे लाव की, भाऊ म्हणाला. मी विझवला, पुन्हा लावला. काहीच नाही. पाच वेळा मी डावा दिला आणि पाचही वेळा आमच्या गावच्या पंचांनी एकमताने सांगितलं की दिवा लागलेला नाही. मी उतरून बाहेर आलो, सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणालो, पाचही वेळा लावला होता.

मला वाटलं, आता ट्यूब पेटेल. एक म्हातारा चष्मा काढून धोतराने पुसायला लागला. दुसरा म्हणाला, मलाही हल्ली अंधुकच दिसतं. भाऊ गंभीरपणे म्हणाला, "आपला बी डोया गयात वाटस." आपलेही डोळे गेले वाटतं. आणि बघता बघता ठरलं की एक जीप करून सगळ्यांनी मिळून धुळ्याला डोळे तपासायला जायचं. जीप कुणाची करायची यावर वादही सुरू झाला. भाचा चाळिशीचासुद्धा नाही, पण तोही पापण्या चोळत होता. उठून चार पावलं चालून दिव्याला हात लावून बघावा, हे एकालाही सुचलं नाही. डोळ्यांवर अविश्वास दाखवायला तयार, पण घरच्या माणसाच्या दिव्यावर नाही. त्यांचा माझ्यावरचा तो विश्वास बघून मला घेरी आली.

ओसरीवरून विळीचा आवाज येत होता, तो बंद झाला. अक्का माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. शाळेतल्या नाटकात पोरगं वाक्य विसरलं की आई जशी पहिल्या रांगेत बसून बघते, तशी ती बघत होती.

मी गाडीमागे गेलो, नखाने फिल्मचा कोपरा उचलला आणि सर्रकन सगळी ओढून काढली.

"डोया बठ्ठासना चांगला शेतस," मी म्हणालो. "दिवा मी काया कया व्हता. त्या दिनले बी काया व्हता. अक्कानी काही चूक नही." डोळे सगळ्यांचे चांगले आहेत, दिवा मीच काळा केला होता, त्या दिवशीही.

पत्ते वाऱ्याने उडायला लागले तरी कुणी धरले नाहीत. मग भाऊने एकच प्रश्न विचारला, "मंग तव्हय काबर नही सांगं?" तेव्हाच का नाही सांगितलंस? खूप लाज वाटली. एवढ्या वर्षांत एवढी कधी वाटली नव्हती.

अक्का उठली. हात पदराला पुसत अंगणात आली. कमरेची चंची सोडली आणि सुपारी, लवंग बाजूला सारून आतून काहीतरी काढून घोंगडीवर पत्त्यांच्या मधोमध ठेवलं. चिंचोक्याएवढा काळा, चुरगळलेला फिल्मचा तुकडा. माझ्या दिव्याच्या कोपऱ्यावरून ओरबाडलेला.

"खापरना तुकडास्मा सापडना," ती म्हणाली. खापराच्या तुकड्यांत सापडला होता. मग माझ्याकडे वळून, अगदी हळू आवाजात, "तीन हप्ता मी वाट देखी. तू कव्हय सांगशी, तेच देखत व्हती." तीन आठवडे ती बघत होती, मी कधी सांगतो ते.

तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. किल्ली काढून घेतली तेव्हा, डॉक्टरकडे नेलं तेव्हा, तव्यावरच्या मांड्यांचं कौतुक ऐकवलं तेव्हा, पुरावा तिच्या कमरेला होता. मी नंतर तिला एकटीला गाठून विचारलं की तूच का नाही दाखवलास सगळ्यांना? ती म्हणाली, मी दाखवला असता तर मी सुटले असते आणि तू काळं चिकटवतच राहिला असतास. आणि मग, तिचाच स्वभाव, हसून पुढे म्हणाली की अजून एक आठवडा वाट बघितली असती, नंतर मात्र तुझ्या दुकानात येऊन तुझ्या तोंडालाच काळं फासलं असतं.

भाच्याने तिथेच खिशातून किल्ली काढली. द्यायला लागला तर अक्काने हात पुढे केला नाही. माझ्याकडे बोट दाखवलं. किल्ली मी घ्यायची आणि मी तिला द्यायची, असं तिला हवं होतं. मी दिली. मास्तरांना निरोप गेला की स्कूटर विकायची नाही. भाऊने विषय बदलायचा म्हणून जीपचं काय करायचं ते विचारलं, आणि मग पहिल्यांदा सगळे हसले, सगळ्यांत मोठ्याने भाऊच.

मला वाटलं सुटलो. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेत होतो तर अंगणात हॉर्न वाजला. अक्का स्कूटरवर, पदरावर हेल्मेट, फाटकं मडगार्ड तारेने बांधलेलं. हायवेपलीकडच्या गावात पाहुणे होते, त्यांनी मांड्यांना बोलावलं होतं. आखाजीची ती एवढी एकच सुपारी तिच्या हाती लागली होती. ती म्हणाली, बस मागे. मी म्हणालो, मी कशाला? ती म्हणाली, नवं खापर आहे, मांडीवर धरायला माणूस पाहिजे.

अठ्ठेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला, जळगावचा नावाजलेला दुकानदार, मांडीवर गोधडीत गुंडाळलेलं खापर घेऊन बहिणीच्या मागे बसला. गल्लीचं पहिलं वळण आलं. अक्काने मान मागे फिरवली, उजवा हात लांब काढला आणि मला म्हणाली, "तू बी काढ." मीही काढला. दोघांचे दोन हात एका बाजूला, अशी आमची वरात गावातून निघाली. पारावरच्या मंडळींनी पत्ते खाली ठेवले. कुणीतरी विचारलं, काय हो शेठ, नवीन डिझाइन का? मी हात वर करून नमस्कार करणार तर अक्का म्हणाली, हात खाली नको घेऊस, अजून वळलो नाही.

मग तो फाटा आला. रस्त्याच्या कडेच्या मातीत खापराची बारीक लाल खपरी अजून दिसत होती. उजवीकडे वळायचं म्हणून अक्काने स्कूटर हळू केली. ऊन कोवळं होतं, रस्ता दोन्हीकडे रिकामा होता. तिने या वेळी मान फिरवली नाही. मलाच विचारलं, "मांगे कोण शे?"

मी वळून नीट बघितलं. पार लांबवर कुणी नव्हतं.

"कोणी नही, अक्का."

"तरी बी काढ."

मी खापर डाव्या हाताने पोटाशी घट्ट धरलं आणि उजवा हात सरळ बाहेर काढला.